फर्गस राजाची वही

मी, साहेबराव भीमा सोनकांबळे, वय बहात्तर, इतिहासाचा निवृत्त शिक्षक, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. धाक होता तो नोकरीत होता. पेन्शन लागली आणि तो उतरला.

१. दोन खोल्यांचे घर मुलगी पंचशीला हिला द्यावे. मागची पाण्याची टाकीही तिचीच. टाकीत पाणी नाही, त्याला माझा इलाज नाही. टँकर नवव्या दिवशी येतो.

२. माझी खरी इस्टेट म्हणजे चारशे पानांची वही, फर्गस राजाचे चरित्र. तेराशे वर्षांपूर्वी आयर्लंडात हा राजा होऊन गेला. राज्य केवढे, तर आपला दीड तालुका. गादीवर बसताच शेजाऱ्यांची गुरे हाकून आणायची, ही तिथली रीत. मांडलिकांनी शब्द फिरवू नये म्हणून त्यांची पोरे ओलीस ठेवायची. आणि प्रजेची पक्की समजूत अशी, की राजा खोटा निघाला तर पाऊस पडत नाही. उदगीरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या जाड इंग्रजी पुस्तकात हे वाचले आणि राजा ओळखीचा वाटला.

ओळखीचा, कारण आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष शेषेराव पाटील. १९८२ साली नवा जिल्हा झाला, आमच्याकडे पाऊस रुसला आणि पाटील पुढारी झाले. दुष्काळी चारा छावणीतल्या चांगल्या गाई आधी त्यांच्या गोठ्यात गेल्या. मी नववीच्या पेपरात विचारले, 'राजा खोटा असेल तर पाऊस पडत नाही, या समजुतीचे उदाहरण द्या.' एका मुलीने अध्यक्षांचे नाव लिहिले. मी पैकीच्या पैकी गुण दिले. इतके अचूक उत्तर पुढे कधी तपासायला मिळाले नाही.

पेपर पाटलांपर्यंत पोचला. माझी बदली संस्थेच्या बिलोलीच्या शाळेत, सात वर्षे. बायको सरजाबाई इकडे घागरी वाहत राहिली. १९८७ च्या उन्हाळ्यात ती विहिरीच्या वाटेवर पडली ती उठली नाही. माझी रजा मंजूर होऊन आली तेव्हा तिचा जलदानाचा विधीही उरकला होता. हे मी माफ केलेले नाही. मेल्यावरही करणार नाही.

३. पंचशीला त्याच संस्थेत अकरा वर्षे तात्पुरती शिक्षिका आहे. ओलीस म्हणा. यंदा पाटलांची पंचाहत्तरी. मला बोलावून म्हणाले, "गुरुजी, आमचा गौरवग्रंथ लिवा. पोरीला कायम करून टाकू."

पंचशीला म्हणाली, "बाबा, त्याची आरती करू नका. मी हाय तशीच ऱ्हाईन."

आरती केली नाही. फर्गसच्या वहीची नक्कल केली, फक्त नाव बदलले आणि ती पाटलांना वाचून दाखवली. गुरे पळवली, पोरे ओलीस ठेवली, पाऊस गेला, सगळे. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "लई झ्याक! हाव गुरुजी, आमी असंच केलं. पावसाचं तेवढं काढा, बाकी ऱ्हाऊ द्या."

पावसाचे काढलेले नाही. माझी आयुष्यभराची मेहनत दुसऱ्याच्या नावाने छापली जाणार, याचे फार वाईट वाटते. मूळ वही पंचशीलाने जपावी. तीत राजाचे नाव खरे आहे.

४. नोकरीच्या आदेशाचे "सत्कार झाल्यावर बघू" असे पाटील काल म्हणाले. सत्कारानंतर ते कोणालाच ओळखत नाहीत. म्हणून संस्थेचा कारकून नरसिंग याने आदेश टाइप केला आहे. आज संध्याकाळी त्यांच्यापुढे तीन कागद ठेवणार: छपाईची परवानगी, पंचशीलाचा कायम नेमणुकीचा आदेश, आणि साक्षीसाठी हे मृत्युपत्र. त्यांनी एक ओळ जरी वाचली तरी मुलीची नोकरी गेली. सही केली, तर ती नाकारायला त्यांना कोर्टात सांगावे लागेल की आपण काही वाचत नाही.

जळकोट, दि. २ मे २०१६
साहेबराव भीमा सोनकांबळे (सही)

साक्षीदार:
१. शेषेराव पाटील, अध्यक्ष (सही)
२. नरसिंग, कारकून (सही). अध्यक्षसाहेबांनी माझ्यासमोर तिन्ही कागदांवर सह्या केल्या. शेवटची करताना विचारले, "अजून किती हायेत?"