आईच्या लुगड्यावरचा चीक

जळगाव, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८५४

हात सोलून निघाले, पण केळीच्या चिकाचा डाग काही निघाला नाही. आधी लिंबू-मीठ चोळलं, मग रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, शेवटी रॉकेलसुद्धा लावून पाहिलं. आईचं मोतिया लुगडं! ती गेल्यावर मला मिळालं ते एवढंच. वन्संनी परवा हळदीकुंकवासाठी मागून नेलं आणि तेच नेसून मैत्रिणींबरोबर केळीच्या बागेत हिंडल्या. वर मलाच म्हणतात, "वहिनी, डाग आधीचाच होता."

आधीचाच? इतकं खोटं, माझ्या तोंडावर?

माझा आवाज चढला तशा सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "पोर दोन दिन माहेरले येल शे, तिले काही बोलू नको."

का नको? गप्प बसायचं ते नेहमी मीच का? तोंडातून निघूनच गेलं, "त्यांना माहेर आहे. मला माहेर म्हणून हे लुगडंच उरलं होतं."

वन्सं मान खाली घालून पुटपुटल्या, "वहिनी, चुकलं माझं."

हेच आधी म्हणाल्या असत्या, तर मी एवढी बोललेच नसते. आता त्या धुवायला पुढे आल्या, पण मी लुगड्याला हात लावू दिला नाही.