चौकातला आमचा फ्लेक्स

एकोडी, रविवार संध्याकाळ

मानवजातीवरील अन्यायांत आज एक भर पडली. पोरीकडून परतताना विमानतळाच्या दारात ओळखीसाठी चेहरा टिपणाऱ्या यंत्राला चेहरा द्यायला मी नकार दिला, म्हणून कार्डवाल्यांची लांबलचक रांग! विमान चुकतं की काय? पण जवानानं आधारकार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि सोडलं. हुश्श! चेहरा माझाच राहिला.

"मशीनले नाही म्हणता," विमानात बायको म्हणाली, "अन् चौकात माहा फोटो टांगताना मले इचारलं होतं का जी?"

लग्नाच्या पंचविशीचा तो फ्लेक्स. फोटो मीच दिला होता. काढा, काढा म्हणून ही केव्हाची मागे लागली आहे.

आत्ताच शिडी लावून फ्लेक्स उतरवला. धानाच्या पोत्यांवर पांघरला, चेहरे आतल्या बाजूला.