जिन्याच्या वळणावरचा जोड

प्रिय चिमणी,

तुझा निरोप मिळाला. नव्या घरात सगळीकडे नेटची केबल टाकायची आहे, काय काय आणू आणि कशी टाकू ते बाबा नीट लिहून पाठवा, असं तू म्हणतेस. फोनवरही सांगता आलं असतं, पण केबलचा विषय निघाला की मी हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस मी. लेकीने वायरीचं काही विचारलं की एरवी माझी छाती फुगली असती. या वेळी तीन दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलो.

आधी सामान. केबल अस्सल तांब्याची घे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली केबल दुकानदार गोड बोलून गळ्यात मारतात. ड्रिल लागेल आणि भिंतीच्या जाडीहून लांब बिट लागेल. पाइपातून केबल ओढायला पोलादी पट्टी मिळते. नाहीच मिळाली तर दोरीला एक जड नट बांधून वरून सोड. टोकं बसवायला क्रिम्पिंग टूल आण, आणि आतल्या आठ तारा तपासायला आठ दिव्यांचा टेस्टर. भिंतीवर खिळे ठोकू नकोस, प्लास्टिकची पोकळ पट्टी लाव. विजेच्या वायरीपासून वीतभर तरी लांब राहा. कोपऱ्यात केबल मोडायची नाही, गोल वळू द्यायची. अडली तर हिसका देऊ नकोस, दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावायला हवा.

आपल्याकडे दुसऱ्या टोकाला तुझी आई होती. तिला जिना उतरणं बंद झालं होतं, वरच्या खोलीत मोबाइलला रेंज धड नाही, आणि खालच्या राउटरचं वायफाय त्या जाड भिंतींतून वर पोचायचं नाही. तुला सुट्टी मिळत नव्हती, तेव्हा रोज चार वाजता लॅपटॉपवर तुझं तोंड दिसणं एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, माणूस कशाला बोलवायचा, मी काय मेलोय? ती पलंगावर बसून वरून केबल सोडत होती, मी जिन्यातून ओढत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात आपण दोघं पहिल्यांदाच एका बाजूने ओढतोय, असं वरून ओरडून म्हणाली. मी इतका हसलो की केबल हातातून सुटली. ती दुपार मला फार आठवते गं.

आता मापाचं. जिना मोजशील, खोली मोजशील, पण राउटरपासून छतापर्यंतची चढण आणि वरच्या खोलीतली उतरण मोजायला माणूस विसरतो. मी विसरलो. चौतीस वर्षांचा अनुभव, आणि केबल जिन्याच्या वळणावर दीड मीटर कमी पडली. नवी आणायची तर सगळी ओढून काढायची आणि तुझ्या आईला पुन्हा तासभर बसवायचं. तिला तर तेवढ्यानेच धाप लागली होती. मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. घरात पडलेला केबलचा एक जुना तुकडा घेतला, आठही तारा सोलल्या, पिळून जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. टेलिफोनला असले जोड मी हजारो मारलेत, त्यावरून गावंच्या गावं बोलली आहेत. टेस्टरचे आठही दिवे लागले. जोड भिंतीतल्या खाचेत बसवला, वर पुट्टी भरली, रंग दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दिवे लागले म्हणजे तार जोडलेली आहे एवढंच कळतं. चित्र आणि आवाजाचा भार तो जोड पेलेल का, हे दिवा सांगत नाही. तुझं चित्र पहिल्याच आठवड्यात थिजायला लागलं. मला त्याच दिवशी कळलं कुठे दुखतंय ते. पण भिंत पुन्हा फोडायची म्हणजे तुझ्या आईपुढे कबूल करायचं, की ज्याच्या हातावर ती चौतीस वर्षं मिरवली त्याला घरातली एक केबल टाकता आली नाही. मी म्हणालो, पोरीकडची लाइन खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं. तिने विश्वास ठेवला. तूही ठेवलास.

त्या गुरुवारी तू लागलीस आणि दुसऱ्याच मिनिटाला थिजलीस. हनुवटीला हात लावलेलं तुझं चित्र, अगदी ऐकत असल्यासारखं. मी खाली धावलो, राउटर बंद केला, चालू केला, वळणावर भिंतीला तळवा दाबून उभा राहिलो. वरून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दहा मिनिटं बोलत होती. इतकं सलग ती महिनाभरात बोलली नव्हती. मी वर पोचलो तेव्हा तिचं बोलणं संपलं होतं आणि तुझं चित्र तसंच होतं. तिने मला विचारलं, सगळं ऐकलं ना गं तिने? थकव्याने आपण कुणाशी बोलतोय तेही तिला कळत नव्हतं. मी हो म्हणालो. सगळं ऐकलं म्हणालो. ती झोपली, शनिवारी गेली.

मधले दोन दिवस ती होती, चिमणी. काय सांगितलंस, एवढं विचारायला मला दोन दिवस होते. पण विचारलं असतं तर कुणीच ऐकलं नाही हे तिला कळलं असतं. म्हणून ते बोलणं तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

परवा तू पुन्हा लिहिलंस, माझ्याच लाइनमुळे आईचं शेवटचं बोलणं हुकलं, आता तुमच्याशी तरी तुटायला नको म्हणून सगळं घर फोडून केबल टाकतेय. ते वाचून मी खाली गेलो आणि पुट्टी खरवडून काढली. टेपखाली तारा हिरव्या पडल्या आहेत. तुझ्या भिंतींना हात लावू नकोस. तुझी लाइन कधीच खराब नव्हती.

तुझाच,
बाबा