काकींच्या टबातलं पाणी

३ नोव्हेंबर ९६, सांगली
काकी आज भिंत न धरता देवघरापर्यंत गेल्या. अण्णांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, जणू मीच चाललो. काकींच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या मुलाने परदेशातून हा टब पाठवला, तो सांभाळायचं काम माझं. पाणी गरम, खारं. मशीन मिठापासून क्लोरीन करतं. रोज सकाळी काचेच्या नळीत टबातलं पाणी घेऊन क्लोरीन तपासायचे थेंब टाकतो. फिकट पिवळं आलं की ठीक. गर्द आलं की क्लो. जास्त, कातडी जळणार. रंगच आला नाही तर जंतू. झोपताना हेच डोक्यात.

७ नोव्हें.
थंडी वाढली. काकींनी रात्री गुडघ्यांना हळदीचा लेप सुरू केला. सकाळी पुसून टबात. हळद घरचीच, अण्णांची पेढीच हळदीची.
नळीत रंग गर्द. मशीन कमी केलं.

८ नोव्हें.
अजून गर्द. अजून कमी केलं. अण्णा म्हणाले, "आरं, किती खेळशील त्या बटनाशी?"

१० नोव्हें.
तेच. आटपाडीला आईला फोन केला. "हिथं टँकरची वाट बघतोय आमी, आन् तू मीठ टाकून पाणी नासवतोस व्हय!" हसलो. फोन ठेवल्यावर परत नळी.

१२ नोव्हें.
काकींच्या पाठीवर लाल पुरळ. जळलंच, असं वाटून मशीन पूर्ण बंद केलं.

१३ नोव्हें.
पुरळात पू. डॉक्टर म्हणाले, हे जळलेलं नाही, जंतूंचं आहे. पाण्यात जंतू मारायचं औषध असतं ना? मी हो म्हणून मान हलवली. काकी पालथ्या पडूनच म्हणाल्या, "पोराला नका बोलू." त्यानेच जास्त लागलं.

१४ नोव्हें.
नळी भरली आणि अण्णांनी हाक मारली. थेंब टाकायचे राहिले. परत येऊन बघतो तर नळी पिवळी. थेंब न टाकताच. टब सायीच्या रंगाचा, त्यात पाणी पिवळं झालेलं कधी कळलंच नाही.
स्वयंपाकाच्या मावशींकडे चुना मागितला. "का रं, पान खायाला लागलास?" चिमूटभर नळीत टाकून हलवला. पाणी लालसर झालं. हळदच. इतके दिवस मी हळद बघून क्लो. कमी करत होतो.
अण्णांना सांगितलं. आधी हसले, मग काकींच्या खोलीकडे बघत म्हणाले, "तूच सांग तिला. माझं ऐकायची न्हाई."
सांगितलं. लेप नाहीतर टब, दोन्ही नाही जमणार काकी. लेप त्यांच्या आईने शिकवलेला. भिंतीकडे बघत "बरं" म्हणाल्या. काय बरं, ते कळलं नाही.

१६ नोव्हें.
टब उपसला, घासला. नवं पाणी, नवं मीठ, मशीन परत चालू.

२१ नोव्हें.
पुरळ सुकलं. डॉक्टर टबाला हो म्हणाले. थेंबांशिवाय नळी स्वच्छ, थेंब टाकल्यावर फिकट पिवळी. परत परत बघितली. काकी टबाकडे आल्या नाहीत. लेप चालूच. आणि चालताना पुन्हा भिंत.

२४ नोव्हें.
आज आल्या. गुडघ्यांना लेप नव्हता. खुर्ची मागवून पाण्याकडे बघत बसल्या.
"चांगलं हाय का पाणी?"
"व्हय काकी."
"मागंबी तू व्हयच म्हणत हुतास."
मी नळी त्यांच्यापुढे धरली.
"मग आदी तू उतर."
मी कधी उतरलो नव्हतो. मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. बनियनवर उतरलो. इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं.
"पाठ बुडीव. पाठ."
बुडवली. काकींनी हात पुढे करून बोटं पाण्यात घातली, काढली, पदराला पुसली. उतरल्या नाहीत.
"उद्या सकाळी तुजी पाठ दाव. मग बघू."
संध्याकाळपासून आरशापुढे मान वळवून बघतोय. खांद्यापर्यंत काही नाही. त्याखालचं दिसत नाही.