सातशे वीस ग्रेनचा बाण

३ ऑगस्ट
निर्णय झाला. चार हंगाम एल्क निसटला तो बाणामुळे, माझ्यामुळे नव्हे. चारशे दहा ग्रेनचा बाण, म्हणजे जेमतेम सत्तावीस ग्रॅम! एल्क म्हणजे सांबरासारखं तीनशे किलोचं धूड, त्याला काय दात कोरायच्या काडीने मारायचं? यंदा जड बाण. सातशे वीस ग्रेन. दुकानदार म्हणाला, एवढं वजन लोक आफ्रिकेत रेड्यासाठी लावतात. मी म्हटलं, मग बांधून द्या.

यंदा मी सासरेबुवांच्या तंबूत स्वयंपाक करणार नाही. तिथली रीत अशी, की ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं आणि तंबूच्या आडव्या खांबाला ठोकायचं. शेवटचा तुकडा ज्याचा, चूल त्याची. शेवटचे चारही तुकडे माझेच आहेत. पाचवा लागणार नाही. लिहून ठेवतो.

९ ऑगस्ट
बाणाला पुढे पितळेचं वजन घातलं. आता शेपूट माशासारखी हलते. म्हणून मोठी पिसं लावली, टर्कीची, गुलाबी. त्याने मागचं वजन वाढलं. म्हणून पुढे आणखी पितळ. म्हणून आणखी मोठी पिसं. सातशे वीसचा आकडा मागेच ओलांडला. काटा मी कपाटात ठेवून दिला. काही गोष्टी हाताला कळतात.

माझी बायको नोरीन म्हणाली, जेवणाच्या टेबलावरून डिंक आणि पिसं उचल, घास घेतला तर तोंडात पीस येतं. शिकाऱ्याच्या घरात एवढं चालायचंच. तिचं माहेर शिकाऱ्यांचंच, तरी समज नाही.

१७ ऑगस्ट
परसात सराव. उडताना बाण शिट्टी वाजवतो. शेजाऱ्यांचं कुत्रं लक्ष्याजवळ झोपलं होतं ते मला दिसलं नाही. शिट्टी ऐकून ते उठलं, आळस दिला, बाजूला झालं, आणि मग बाण पोचला. नोरीन खिडकीतून म्हणाली, एल्क काय, याला तर माझी आजीसुद्धा चुकवेल. मी दुसरा बाण लावला. वेग हा हलक्या लोकांचा मुद्दा.

बाण लक्ष्याच्या दोन हात खाली लागतात. लक्ष्य उंच टांगलं गेलंय.

१८ ऑगस्ट
लक्ष्य खाली घेतलं. आता ठीक.

२५ ऑगस्ट
नोरीनचा भाऊ कोल्बी आला. म्हणाला, दाजी, धनुष्यावरच्या नेमाच्या खुणा हलक्या बाणाच्या आहेत. जड बाण लवकर खाली येतो. खुणा बदला, पंधरा मिनिटांचं काम. मी त्याला सांगितलं, मी एल्कला वीस यार्डांच्या आत येऊ देणार. तेवढ्यात बाणाला खाली यायला सवडच नाही. तो म्हणाला, आणि नाही आला तर? अशा शंका काढणाऱ्यांनी शिकारीला जाऊच नये. (त्याने गेल्या तीन वर्षांत तीन मारले. नशीब.)

खुणा बदलणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ सप्टेंबर, तळ
डोंगरावर तंबू लागला. नोरीनने दिलेला लोकरीचा लाल शर्ट मुद्दाम घालून आलो. टोक चांगलं लांब आहे. बघू कोण कापतो!

सासरेबुवांच्या हातात बाण दिला. त्यांनी तो तोलला, पिसांवरून अंगठा फिरवला, पुन्हा तोलला. भारावले असावेत. मग बाण परत देत म्हणाले, ओहायो, संध्याकाळी काय शिजवतोयस?

ओहायो म्हणजे मी. त्या राज्यातून इकडे आलो त्याला अकरा वर्षं झाली, नाव अजून लागलेलं नाही. या एल्कनंतर लागेल.

९ सप्टेंबर
सगळे पहाटे कड्यावर जातात. मी चूल आवरून निघतो तोवर ऊन वर आलेलं असतं आणि एल्क झोपलेले. हा अन्याय आहे. मोठ्याने म्हणालो. सासरेबुवा म्हणाले, कॉफी छान झालीय.

११ सप्टेंबर
आज! स्वयंपाक तसाच ठेवून लिहितो.

दुपारी एकटाच होतो. बटाटे सोलत होतो. मान वर केली तर नर एल्क थेट तळावर उभा. शिंगं या टोकापासून त्या टोकापर्यंत. पस्तीस यार्ड. सुरी टाकली, धनुष्य उचललं, खूण त्याच्या छातीवर धरली आणि सोडलं. अप्रतिम सुटला. शिट्टी वाजली. एल्कने मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाणाकडे. बाण त्याच्या पोटाखालून गेला.

पण पुढचं महत्त्वाचं. मागे पाण्याची मोठी टाकी होती, जाड प्लास्टिकची. बाण एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि पलीकडच्या ओंडक्यात पिसांपर्यंत रुतला. थोड्या वेळाने बाकीचे परतले, तर कोल्बीला दोन्ही पाय लावूनही उपसता आला नाही. हलक्या बाणाने हे झालं असतं? सगळ्यांना विचारलं. सगळे पाण्याकडे बघत होते.

एल्क चालत गेला. पळालासुद्धा नाही.

१२ सप्टेंबर
शर्ट कापला. झरा तासाभराच्या चढावर आहे, बादल्या मी आणतो. मी म्हटलं, टाकी मी मुद्दाम थोडीच फोडली. सासरेबुवा म्हणाले, मुद्दाम नेम धरला असतास तर टाकी चुकली असती.

कोल्बीने आज नर मारला. हलका बाण. याबद्दल मला काही लिहायचं नाही.

१४ सप्टेंबर
सकाळपासून वादळ. खाली सगळा खडक, तंबूच्या लाकडी खुंट्या तुटल्या. तंबू उडणार तेवढ्यात सासरेबुवांनी हात पुढे केला. ओहायो, तुझे ते बाण आण.

मला वाटलं एल्क आला.

त्यांनी चाकूने एकेका बाणाची पिसं सोलून काढली, कोंबडीची काढतात तशी, आणि खुंट्यांच्या जागी बाण खडकाच्या फटींत ठोकले. माझी महिनाभराची पिसं वाऱ्याबरोबर दरीत गेली. मी बघत उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

तंबू हलला नाही. सासरेबुवांनी दोरी ओढून पाहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, माल पक्का आहे हं तुझा. अकरा वर्षांत पहिली शाबासकी. मग म्हणाले, पुढच्या वर्षी आणखी डझनभर आण. फक्त पिसं लावत बसू नकोस.

मी बरं म्हणालो.