चार भिंतींना हात लावून

बाई,

आज आठवीच्या मुली स्वेटर घरी ठेवून आल्या. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण इथे बाहरीनमध्ये मे महिन्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की अंगाची लाही लाही होते, आणि आमच्या शाळेत मात्र मुली स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून बसायच्या. एसी कायम अठरावर. वर्ग मैदानावर खेळायला गेला तरी रिकाम्या बाकांसाठी तो चालूच. मी लग्न होऊन इथे आले त्याच वर्षी तुम्ही गेल्याचं गावाहून कळलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी इथे विज्ञान शिकवतेय, एसीची घरघर अंगवळणी पडली, आणि तुम्हाला लिहायला बसावं असं काही घडलं नाही. यंदा घडलं.

मी ऊर्जेचा धडा घेत होते. इथली वीज गॅस जाळून होते, पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं असतं आणि ते गोडं करायला पुन्हा ऊर्जाच लागते, असं सांगत होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मिस, देन व्हाय आर वी फ्रीझिंग?" ही वसईकडची. घरी मराठी बोलतात, पण मी मराठीत विचारलं तरी ही इंग्रजीतच उत्तर देणार. वर्ग हसला. मीही हसले आणि एसी बंद केला. थोड्याच वेळात खिडकीजवळच्या मुली वह्यांनी वारा घेऊ लागल्या. "मिस, प्लीज, चालू करा." मी रिमोट हातात घेऊन उभी राहिले, आणि बाई, कोण जाणे कुठून, तुमचा आवाज आला.

मी सातवीत आहे. शाळेला पत्र्याचं छप्पर, दुपारची वेळ, पाठीला झंपर चिकटलेला. मी तोंड वाकडं करून विचारते, "बाई, आपल्या शाळेत पंखा कधी लागणार?" तुम्ही खडू खाली ठेवता. "पंखा लागेल तेव्हा लागेल गो. ऊन कुठून येतंय ते बघितलंस? ऊठ. चारही भिंतींना हात लावून ये." सगळा वर्ग फिदीफिदी हसतोय आणि मी भिंतींना हात लावत फिरतेय, लाजेने कान लाल. पश्चिमेची भिंत तव्यासारखी. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला झावळ्या आणायला लावल्यात, आणि स्वतः पदर खोचून आमच्यात बसून झापं विणलीत. ती पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून बांधली. पत्र्यावर पेंढा पसरला. गारवा आला म्हणणार नाही मी, पण डोकं चालायला लागलं.

मी रिमोट टेबलावर ठेवला आणि मुलींना म्हटलं, "उठा. चारही भिंतींना हात लावून या." त्यांना वाटलं मिसला ऊन लागलं. पण उठल्या. इथे शाळा सकाळची, त्यामुळे तापलेली भिंत पूर्वेची निघाली. काचेला तर हात टेकवेना. मग प्रश्नांवर प्रश्न. पडदा आतून लावून काय उपयोग, ऊन तर आत आलेलंच असतं ना? अडवायचं बाहेरच, तर कशाने? मी झापांची गोष्ट सांगितली. इथे खजुराची झाडं पुष्कळ, मुली लगेच झावळ्या गोळा करायला निघाल्या, पण प्रिन्सिपल मॅडमनी आगीच्या भीतीने नाही म्हटलं. तेही बरोबरच. माझे यजमान मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आहेत, तिथे गाड्यांवरच्या सावलीचं जाड कापड शिवतात. उरलेले तुकडे त्यांनी मालकाला विचारून आणले. मॅडम म्हणाल्या, "करो, एक ही क्लासरूम में. लेकिन पेरेंट्स की कंप्लेंट आयी, तो खलास."

कापड बाहेरून ताणून बसवलं, एसी चोवीसवर नेला, वर्ग रिकामा झाला की बंद करायची पाळी मुलींनी आपसांत वाटून घेतली. आणि त्याच आठवड्यात वसईची ती मुलगी वर्गात चक्कर येऊन बसली. तिची आई हॉस्पिटलमध्ये नर्स, ड्यूटीवरून तशीच आली. ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाली, "मिस, तुमचे प्रयोग माझ्या पोरीवर नकोत." पोरीला काही झालं असतं तर? मी म्हटलं, "आजच काढून टाकते." मनापासून म्हटलं. तर ती मुलगी उठून उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मम्मा, मी सकाळी काय खाल्लं नाही. डबापण बसमध्ये राहिला. एसीचं काय नाय त्यात."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वर्ग दाखवा," म्हणाली. ती आमच्या वर्गात उभी राहिली, काचेला हात लावला. मग शेजारच्या वर्गात गेली, तिथे अठरावर एसी आणि स्वेटरातली पोरं. तिथल्याही काचेला तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. परत येताना म्हणाली, "आमच्या वॉर्डातपण असंच. पेशंट दोन-दोन ब्लँकेटं मागतात आणि आम्ही देत बसतो." मॅडमपुढे जाऊन तिने स्वतःच सांगितलं, कापड काढू नका म्हणून. लेकीला मात्र दारातच चांगलं झापलं, उपाशी आल्याबद्दल.

मागच्या आठवड्यात धुळीच्या वाऱ्याने कापडाचा एक कोपरा फाटला. मी पोचेपर्यंत मुलींनी सुईदोरा घेऊन टाके घालायला सुरुवात केली होती, वाकडेतिकडे, पण पक्के. सुट्टीनंतर पूर्वेच्या सगळ्या वर्गांना असं कापड लावायचं ठरलंय. गच्चीवर सोलर लावण्याचंही मॅडम बोलतायत. होईल, इंशाल्ला. आज वर्गात शिरले तर एसीची घरघर नव्हती इतकी, मुलींची कुजबुज स्पष्ट ऐकू येत होती, आणि मला ओरडावंसंसुद्धा वाटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते. शाळेत असताना तुम्ही मला आवडत नव्हतात. मला त्या गाणी शिकवणाऱ्या बाई आवडायच्या, गोऱ्या, हसऱ्या, कधी न रागावणाऱ्या. मोठी झाले की त्यांच्यासारखी होणार असं मी आईला सांगायचे. आज कितीतरी वेळ आठवून पाहिलं, बाई. त्यांचं एकही गाणं आठवलं नाही.