डोळ्यातला किडा

चि. निवृत्ती यास,

तुझ्या आईला घेऊन मी पहिल्या मोटारीने मलकापूरला व तेथून रेल्वेने अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो आहे. मोताळ्याच्या बाजारात त्या इसमाने पुंगीने ओढून तिच्या डोळ्यातून जो किडा काढून दाखवला, तो त्याने आधीच गालात धरलेला होता. ती थुंकीने माखलेली पुंगी डोळ्याला लागली, याची मला शिसारी येते. तो किडा तू पुडीत बांधून देवाजवळ ठेवलास, याची तर अधिकच किळस येते. पुडी चुलीत घाल आणि हात साबणाने धू.

डोळ्यांपुढे एखादा ठिपका वा धागा तरंगणे हे वयाचे असते, माझ्याही तरंगतो. परंतु ठिपक्यांचा एकाएकी थवा उठला, अंधारातही वीज चमकू लागली, कडेने काळा पडदा सरकू लागला, तर एक दिवसही दवडू नये. हिला हे तिन्ही परवापासून होते. आज पहाटे हिने चहा कपाबाहेर ओतला, तेव्हा मला कळले.

"बोलली का नाहीस?" मी विचारले.

"निवृत्तीले सांगू नका. त्याले वाटन, किडा उलीसा आतच राह्यला. पुन्हा मले तिथंच नेईन तो."

म्हणून तुला न उठवता निघालो.

— तुझे वडील, वामनराव